प्राथमिक शाळेनंतरच्या वर्षांसाठी पैसे ठेवा: विकसनशील देशांच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

मुलींच्या शिक्षणाबद्दलची पत्रं सहसा शिक्षणमंत्र्यांना जातात. हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. शिक्षणमंत्री शाळेची घोषणा करतात, कोनशिला बसवतात. त्या शाळेत शिक्षक येणार की नाही, मुलींचं वसतिगृह पूर्ण होणार की छपराविना पडून राहणार, शिष्यवृत्ती वर्षाच्या सुरुवातीला मिळणार की परीक्षा उलटून गेल्यावर, हे मात्र तुमच्या खात्यात ठरतं. इकडे फाइल अडते आणि तिकडे एक मुलगी शाळा सोडते. या दोन गोष्टींचा संबंध तुम्हाला क्वचितच कुणी जोडून दाखवत असेल, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं आधी सांगते, कारणं नंतर देते. गरीब घरातली मुलगी शाळेबाहेर राहते, त्याचं खापर आपण आईबापांच्या विचारांवर फोडतो. खरी कारणं बहुतेक वेळा साधी असतात. शाळा लांब असते. मोफत म्हणवणारी शाळा मोफत नसते. रस्ता धोक्याचा असतो. आणि मुलीच्या वेळेवर पहिला हक्क घरकामाचा असतो. यातली जवळजवळ प्रत्येक अडचण पैसे खर्चून किंवा एखादा नियम बदलून दूर करता येते, आणि तसं करून दाखवणारे देश आहेत. या अडचणी मुलीला सगळ्या बाजूंनी घेरतात त्या प्राथमिक शाळा संपल्यावर, साधारण अकराव्या ते अठराव्या वर्षात. तुमच्या अर्थसंकल्पात सगळ्यात कमी लक्ष जातं तेही याच वर्षांकडे.

शाळेबाहेर असलेल्या मुलामुलींची संख्या २०२३ मध्ये युनेस्कोने सुमारे २५ कोटी सांगितली. त्यात मुली सुमारे १२ कोटी २० लाख. प्राथमिक वर्गांत जगाची सरासरी काढली तर मुलगे आणि मुली आता जवळजवळ बरोबरीने आहेत. हे मोठं यश आहे आणि त्यात तुमच्या आधीच्या मंत्र्यांचा वाटा आहे, हे मी मनापासून मान्य करते. पण या सरासरीच्या आड बरंच काही झाकलं जातं. जागतिक बँकेने २०१८ मध्ये सांगितलं होतं की कमी उत्पन्नाच्या देशांत दोन तृतीयांशांहून कमी मुली प्राथमिक शिक्षण पूर्ण करतात आणि माध्यमिकचा पहिला टप्पा तीनांतली एकच मुलगी पार करते. त्याच अहवालात, मुलींना बारा वर्षांचं शिक्षण न दिल्यामुळे जगाचं किती नुकसान होतं, याचा अंदाज १५ ते ३० लाख कोटी डॉलर असा दिला होता. तुमच्या खात्याला आकड्यांची भाषा लवकर समजते म्हणून हा आकडा दिला. माझ्यासाठी दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची आहे. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार १९७० ते २००९ या काळात जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे जे मृत्यू टळले, त्यातले निम्मे टळले ते बायकांचं शिक्षण वाढल्यामुळे. शिकलेल्या आईचं मूल जगतं. आरोग्यखात्याची कुठलीही एक योजना याच्या जवळ पोचणार नाही.

मुलगी शाळा सोडते म्हणजे नेमकं काय घडतं, हे हजेरीपट सांगतो. मी शिक्षिका होते, म्हणून हे जवळून पाहिलं आहे. ती एके दिवशी अचानक येईनाशी होत नाही. आधी आठवड्यातला एक दिवस गळतो, मग दोन. धाकट्या भावंडाला ताप आला, आई कामावर गेली, पाणी लांबून आणायचं होतं. घरात नळ नाही अशा दहांपैकी सात घरांत पाणी भरतात त्या बायका आणि मुली, असं युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. मग परीक्षेचं शुल्क भरायची तारीख येते आणि मुलगी आठवडाभर दिसत नाही. परत येते तेव्हा गणितात मागे पडलेली असते, मागच्या बाकावर बसते, उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. पुढच्या वर्षी पटावर तिचं नाव असतं, हजेरीच्या चौकटी कोऱ्या असतात. काही महिन्यांनी नावावर रेघ ओढली जाते आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं जातं, 'पालकांची अनास्था'. हा शेरा मला फार खटकत आला आहे. त्या घरात अनास्था नसते, हिशेब असतो. वरच्या वर्गाचं शुल्क, गणवेश, वह्या, जाण्यायेण्याचं भाडं एका बाजूला; मुलीची घरातली मदत, तिची वाटेवरची काळजी आणि दारात आलेलं स्थळ दुसऱ्या बाजूला. तुम्ही त्या जागी असतात आणि हाती तेवढेच पैसे असते, तर तुमचाही हिशेब बहुधा तसाच निघाला असता. तो बदलायचा असेल तर त्यातले आकडे बदलावे लागतील. पथनाट्यं, फलक आणि शपथा यांनी ते बदलत नाहीत.

सगळ्यात आधी अंतराचं पाहू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त मुली याच एका गोष्टीने गळतात.

प्राथमिक शाळा बहुधा गावात असते. माध्यमिक शाळा दोन-चार गावांत मिळून एक, कधी त्याहूनही लांब. मुलगा चालत जातो, कुणाच्या तरी वाहनावर मागे बसतो, अंधार पडला तरी घरी कुणी कासावीस होत नाही. मुलीचं तसं नसतं. अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात २००७ च्या सुमारास एक प्रयोग झाला. काही गावांत गावातच छोटी शाळा उघडली, बाकीच्या गावांतल्या मुलांना लांबच्या सरकारी शाळेत जावं लागत होतं. गावातच शाळा आल्यावर मुलगे आणि मुली यांच्या पटनोंदणीतली २१ टक्क्यांची तफावत पूर्ण मिटली. आईबाप तेच, रीतिरिवाज तेच, मानसिकता तीच. फक्त शाळा जवळ आली. 'लोकांना मुलींना शिकवायचंच नसतं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यासमोर हा एक निष्कर्ष ठेवावा असं मला वाटतं.

प्रत्येक गावात माध्यमिक शाळा काढणं परवडणार नाही, असं तुम्ही म्हणाल. ते मला पटतं. विज्ञान, गणित, भाषा यांचे वेगवेगळे शिक्षक प्रत्येक गावाला मिळणारही नाहीत. मग मुलीला शाळेपर्यंत न्या. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी सुरुवातीला दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलग्यांशी असलेली तफावत ४० टक्क्यांनी घटली, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या गावांत. दक्षिण आशियातल्या रोख मदतीच्या तशाच योजनांपेक्षा खर्चाच्या मानाने हा परिणाम सरस ठरला. पुढे झांबियात मुलींना सायकली दिल्या, तेव्हाही शाळेत पोचायचा वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी झाला आणि गैरहजेरी चतुर्थांशाहून जास्त घटली. या सायकलींतून आणखी एक गोष्ट घडते, ती कुठल्याच तक्त्यात धड मावत नाही. मुली घोळक्याने जातात. एकटी मुलगी वाटेवर असुरक्षित असते. वीस मुली ओळीने सायकलवरून निघाल्या की रस्ता त्यांचा होतो आणि मुलीने बाहेर पडणं ही गावाच्या सवयीची गोष्ट होते.

जिथे डोंगर आहेत, नद्या आहेत, वस्त्या विखुरलेल्या आहेत, तिथे सायकल चालणार नाही. तिथे वसतिगृह लागेल, आणि वसतिगृह म्हटलं की कुंपण, दिवे, राहत्या अधीक्षिका आणि वेळच्या वेळी येणारा शिधा हे सगळं आलं. इमारतीला पैसे द्यायचे आणि अधीक्षिकेचं पद रिकामं ठेवायचं, हा प्रकार मुलींच्या जिवाशी खेळ आहे. नायजेरियात चिबोकच्या शाळेतून १४ एप्रिल २०१४ च्या रात्री २७६ मुली पळवून नेल्या गेल्या. संघर्षाच्या प्रदेशात सुरक्षा ही शिक्षणखर्चाचाच भाग धरावी लागते.

आता शुल्काबद्दल. १९८० च्या दशकात कर्जदात्या संस्थांच्या सल्ल्याने अनेक देशांनी शाळाशुल्क लावलं किंवा वाढवलं, आणि त्याचे चटके गरीब घरांना बसले. मग मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं. मलावीत पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली, केनियात ५९ लाखांवरून ७२ लाखांवर. शाळेच्या दारात ही मुलं उभीच होती, दार उघडायचा अवकाश होता. शुल्क काढलं पण शिक्षक आणि वर्गखोल्या त्या वेगाने वाढवल्या नाहीत, त्यामुळे वर्ग तुडुंब भरले आणि शिकणं घसरलं. यातून काही जण शुल्क काढणंच चूक होतं असा निष्कर्ष काढतात. मला तो मान्य नाही. शुल्कमाफी जाहीर करताना पुढच्या तीन वर्षांच्या शिक्षकभरतीची तरतूद त्याच दिवशी करायला हवी होती, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय शुल्क गेलं तरी खर्च जात नाही. परीक्षेची फी, इमारत निधी, गणवेश, बूट, प्रवास, वही-पेन. केनियाच्या पश्चिम भागात ३२८ शाळांत एक मोठा अभ्यास झाला. त्यात वरच्या प्राथमिक वर्गांतल्या मुलींना नुसता गणवेश मोफत दिला, तर तीन वर्षांत शाळा सोडणाऱ्या मुलींचं प्रमाण १९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं आणि किशोरवयातली गर्भधारणा १६ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर. नुसत्या गणवेशाच्या खर्चात मुलगी शाळेत टिकते, आणि शाळेत टिकली की आई होणं लांबतं. तुमच्या देशात 'मोफत' शाळेसाठी एका मुलीमागे घरच्यांना वर्षाला नेमका किती खर्च येतो, हे एकदा काढून पाहा. शिक्षणखात्याला विचारू नका, शंभर आयांना विचारा.

बांगलादेशने तर घरच्या हिशेबाचं पारडंच फिरवलं. १९८२ मध्ये छोट्या प्रमाणावर सुरू झालेली मुलींची माध्यमिक शिष्यवृत्ती १९९४ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागाला लागू झाली. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि शाळा संपेपर्यंत लग्न नाही. पैसे मुलीच्या स्वतःच्या नावावर बँकेत जमा होत, शिकवणी शुल्क थेट शाळेला जाई. दशकभरात माध्यमिक शाळांतल्या मुलींची संख्या मुलग्यांच्या पुढे गेली. गरीब, दाट वस्तीचा, पुरांनी वारंवार झोडपलेला देश. त्याने हे केलं. तिथे बालविवाह संपले असं मात्र नाही. २०१९ च्या पाहणीत विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या निम्म्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. एकटी शिष्यवृत्ती सगळं करत नाही, पण तिच्याशिवाय बाकीचं काही सुरूच होत नाही.

मेक्सिकोने १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' योजना आणली, तेव्हा माध्यमिक वर्गांपासून मुलींची रक्कम मुलग्यांपेक्षा जास्त ठेवली आणि पैसे आईच्या हातात दिले. रक्कम वरच्या वर्गात वाढत जावी, ही त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. कारण मुलीचं वय वाढतं तसं तिला घरी ठेवण्याचं आमिषही वाढतं. आपल्याकडच्या अनेक योजनांत पहिलीच्या मुलीला आणि दहावीच्या मुलीला सारखेच पैसे मिळतात आणि महागाई वाढली तरी ती रक्कम वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहते.

पैसे देताना अट घालावी की घालू नये, यावर अर्थतज्ज्ञांत बराच वाद आहे. मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यातल्या अभ्यासातून मी जे शिकले ते असं. हजेरीची अट घातली तर मुली शाळेत जास्त टिकल्या. पण शाळा सोडून गेलेल्या मुलींमध्ये लग्न आणि गर्भधारणा कमी झाली ती बिनअटीच्या पैशांनी. म्हणजे अट मोडली की मदत बंद, असा नियम केला तर सगळ्यात अडचणीतल्या मुलीच्या हातून तो शेवटचा आधारही जातो. माझं मत: अट असावी, पण सौम्य. आणि एखादी मुलगी अटीत बसेनाशी झाली तर पैसे थांबवण्याआधी कुणीतरी तिच्या घरी जाऊन यावं.

स्वच्छतागृहांबद्दल भाषणं पुष्कळ झाली, म्हणून थोडक्यात लिहिते. भारतात २००३ नंतर शाळांमध्ये शौचालयं बांधण्याची मोठी मोहीम झाली, तिच्या अभ्यासातून दिसलं की लहान वयात कुठलंही शौचालय उपयोगी पडतं, पण वयात आलेल्या मुलींना मुलींसाठीचंच वेगळं शौचालय लागतं. बांधताना पाणी, आतली कडी आणि सफाईचा पगार यांची तरतूद नसेल तर वर्षभरात तिथे कुलूप दिसतं. सॅनिटरी पॅडवाटपाबद्दल मात्र मला सावधपणे बोलायचं आहे. नेपाळमधल्या एका काटेकोर अभ्यासात पाळीमुळे बुडालेली शाळा १८० दिवसांच्या वर्षात अर्ध्या दिवसाहूनही कमी निघाली. पॅड जरूर द्या. ती प्रत्येक मुलीच्या सन्मानाची आणि आरोग्याची गोष्ट आहे. पण पॅडच्या पेट्या हातात घेऊन फोटो काढले म्हणजे गळती थांबवली असं समजू नका. खर्च कमी आणि प्रसिद्धी जास्त, म्हणून अशा योजना राजकारण्यांना आवडतात आणि रस्ता, वसतिगृह, शिक्षिका हे महागडे विषय मागे पडतात.

शिक्षिका हा विषय तर नेहमीच मागे पडतो. वयात आलेल्या मुलींच्या वर्गात एकही बाई शिकवायला नसेल तर अनेक घरं मुलीला पाठवत नाहीत, आणि त्यांची भीती खोटी असतेच असं नाही. शाळेत छळ होतो, कधी शिक्षकांकडूनच होतो, आणि तक्रार करायची तर ऐकणारा माणूस बहुधा त्याच शाळेतला असतो. दुर्गम भागात शिक्षिका जात नाहीत कारण त्यांना राहायला घर नसतं, लहान मूल ठेवायला जागा नसते. तेव्हा शिक्षिकांची घरं हा मुलींच्या शिक्षणाचाच खर्च आहे. ब्रॅक या संस्थेने बांगलादेशात १९८५ मध्ये २२ एकखोली शाळांपासून सुरुवात केली, तेव्हा शिकवायला स्थानिक बायकाच घेतल्या आणि विद्यार्थ्यांत मुली जास्त ठेवल्या. गावातलीच शिकलेली बाई शिकवते, तेव्हा बदलीचा अर्ज येत नाही आणि समोर बसलेल्या मुलींना आपण पुढे काय होऊ शकतो ते रोज डोळ्यांना दिसतं.

काही गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत. दोन पाळ्यांच्या शाळेत मुलींना सकाळची पाळी द्या, म्हणजे त्यांना दिवेलागणीला एकटं घरी जावं लागणार नाही. गरोदर मुलींना शाळेतून काढायचे नियम रद्द करा. सिएरा लिओनने २०१५ मध्ये अशा मुलींना शाळाबंदी केली होती. पश्चिम आफ्रिकी देशांच्या समुदाय न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि मार्च २०२० मध्ये सरकारने ती उठवली. टांझानियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये बाळंत झालेल्या मुलींना परत शाळेत यायची वाट मोकळी केली. जिच्यावर आधीच आघात झाला आहे तिलाच शिक्षा करणारा नियम जगात कुठेही असता कामा नये. तुमच्या देशात तो कागदावर नसेल तर मुख्याध्यापकांच्या वागण्यात आहे का, हेही तपासून पाहा. बाळ सांभाळायला शाळेजवळ एक खोली आणि एक मदतनीस, एवढ्यावर ती मुलगी परीक्षेला बसू शकते.

पैशाने सुटत नाही अशी एक जागा आहे आणि तिच्याबद्दल न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्या अफगाणिस्तानात गावातल्या शाळेने तफावत मिटवून दाखवली, तिथेच सप्टेंबर २०२१ पासून सहावीनंतर मुलींना शाळा बंद आहे. मार्च २०२२ मध्ये शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरं घेऊन गेल्या आणि काही तासांत घरी पाठवल्या गेल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये विद्यापीठांची दारंही बंद झाली. त्या देशाबाहेर पडलेल्या मुली तुमच्यापैकी कुणाच्या देशात आल्या असतील, तर त्यांच्याकडे जुने दाखले मागत बसू नका. परीक्षा घ्या आणि योग्य वर्गात बसवा. निर्वासित मुलीचं वर्ष कागदपत्रांपायी जातं, हा प्रकार सीमेच्या अलीकडे आपण स्वतः थांबवू शकतो.

आता तुमचा प्रश्न: पैसा आणायचा कुठून?

२०१५ मध्ये दक्षिण कोरियात इंचॉन इथे तुमच्या सरकारांनी मान्य केलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के रक्कम शिक्षणावर जाईल. बारा वर्षांचं मोफत शिक्षण देण्याचं वचनही तिथलंच. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या सहस्रक उद्दिष्टांत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतली मुलगे-मुली तफावत शक्यतो २००५ पर्यंत मिटवायची होती. ती तारीख उलटून गेली. आता २०३० ही नवी तारीख आहे.

नवा पैसा उभा राहण्याआधी आहे तो पैसा कुणाला मिळतो ते बघा. युनिसेफने २०२३ मध्ये दाखवून दिलं की कमी उत्पन्नाच्या देशांत शिक्षणावरच्या सरकारी खर्चातला फक्त ११ टक्के भाग सर्वांत गरीब पंचमांश मुलांपर्यंत पोचतो आणि सर्वांत श्रीमंत पंचमांशाला ४२ टक्के मिळतो. कारण उघड आहे. गरिबाचं मूल प्राथमिकनंतर गळतं, आणि सरकारचा एका विद्यार्थ्यामागचा खर्च वरच्या वर्गांत आणि विद्यापीठांत वाढत जातो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात नेमकं हेच मांडलं होतं: महसूल शेतकऱ्याच्या घामातून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली होती, त्यामुळे कुणाच्या दारात शाळा पोचत नाही हे त्यांना आयोगाला ऐकीव सांगावं लागलं नाही. जवळजवळ दीडशे वर्षांनी, कितीतरी स्वतंत्र देशांच्या अर्थसंकल्पांत, तोच उलटा प्रवाह अजून वाहतो आहे. विद्यापीठांचा पैसा काढून घ्या असं मी म्हणत नाही. पुढच्या पाच वर्षांत शिक्षणाच्या तरतुदीत जी वाढ होईल, तिचा मोठा वाटा गरीब तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांना द्या, एवढंच म्हणते.

कर्जाचा बोजा मला कळतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेने २०२३ मध्ये सांगितलं की ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे व्याजावरचा खर्च शिक्षणावरच्या किंवा आरोग्यावरच्या खर्चाहून जास्त आहे. तुमच्यापैकी अनेकांचे हात बांधलेले आहेत आणि ते तुम्ही एकट्याने सोडवू शकणार नाही. म्हणूनच धनकोंशी बोलणी करताना माध्यमिक शिक्षणाचा खर्च कपातीतून वगळण्याची अट तुमच्या बाजूने आधी मांडली जावी. काटकसर करायची वेळ आली की शिक्षकभरती सगळ्यात आधी थांबते, कारण न भरलेल्या पदांचा आवाज होत नाही.

एक आक्षेप मला स्वतःला अस्वस्थ करतो. शाळेत मुलगी आली, टिकली, आणि शिकलीच नाही तर? कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या दहा वर्षांच्या सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, असा जागतिक बँकेचा २०२२ चा अंदाज आहे. पाच-सहा वर्षं शाळेत जाऊनही मुलीला वाचता येत नसेल, तर पुढे पाठवून काय होणार, हा आईचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचं तर माध्यमिकच्या पहिल्या वर्षी वाचन-गणिताची उजळणी सगळ्यांसाठी ठेवावी लागेल, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलींना परत आणणारे सेतू वर्गही. कॅम्फेड या १९९३ मध्ये झिंबाब्वेत सुरू झालेल्या संस्थेच्या मदतीने शिकलेल्या तरुणी आता पुन्हा शाळांमध्ये जाऊन धाकट्या मुलींना मार्गदर्शन करतात. अशा तरुणींना सरकारने मानधन द्यावं. गैरहजर मुलीच्या घरी कुणी जायचं, या प्रश्नालाही त्याच उत्तर आहेत.

शेवटी माझी मागणी. पुढच्या अर्थसंकल्पासोबत प्रत्येक तालुक्याचा एक तक्ता जोडा. प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात किती मुली होत्या, पुढच्या वर्षी त्यातल्या किती माध्यमिकच्या पहिल्या वर्गात बसल्या, किती जणी शेवटपर्यंत पोचल्या, सगळ्यात लांबच्या वस्तीपासून शाळा किती किलोमीटर, शिक्षिकांची किती पदं भरलेली आणि किती रिकामी, मंजूर शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हातात पडली. शेजारच्या रकान्यात त्या तालुक्याला दिलेली रक्कम. पटावरच्या नावांचे आकडे नकोत, हजेरीचे द्या. हा तक्ता संसदेत मांडा आणि त्याची प्रत त्या त्या शाळेच्या भिंतीवर लावा, म्हणजे ज्यांच्या मुलींबद्दल तो आहे त्यांना तो तपासता येईल. जिथे दोन आकड्यांमधली घसरण सगळ्यात मोठी, तिथे त्या वर्षीचा वाढीव निधी आधी पोचू द्या. असं करणाऱ्या पहिल्या अर्थमंत्र्यांना मी स्वतः पत्र लिहून आभार मानेन.

आपली विश्वासू,
एक माजी शिक्षिका